कंटाळ्याची यादी

घोडा मंदावला होता. काकूंना ते पुलाच्या आधीच कळलं. एका हाताने घोडा पुढे दामटत त्या दुसऱ्या हाताने पाणी प्यायच्या. गिरणीपाशी उचललेला ग्लास रोज पुलावर संपायचा. आज ग्लास संपला, तरी पूल दिसायचं नाव नव्हतं.

काकू या तिथल्या कोणाच्याच काकू नव्हत्या. गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसात सगळे पंचविशी-तिशीतले, या पंचेचाळिशीच्या, म्हणून काकू. तयार होत आलेला गेम रोज खेळून बघायचा आणि कुठे कंटाळा येतो ते लिहून काढायचं, हे त्यांचं काम. शुक्रवारी दुपारी त्या ती यादी सगळ्यांसमोर वाचायच्या. ज्याच्या भागाचं नाव निघे त्याचं तोंड वाकडं व्हायचं, पण तेवढा भाग कापला जायचा. गेम साधाच, एकट्याने निवांत खेळायचा: एक टपालवाला शेवटचं पत्र पोचवायला डोंगर ओलांडतो. चार वर्षांत काकूंचा त्या टपालवाल्यावर जीव जडला होता. विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते, ते सोडा.

पूल कसाबसा आला. खिंड मात्र येता येईना. शेवटी पडद्यावर एक चौकोन उघडला: ‘थकलात? वाऱ्याच्या वेगाचा घोडा घ्या.’ खाली किंमत, खऱ्या पैशांतली.

काकूंनी वही काढली. ‘खिंडीआधीचा रस्ता रटाळ. कापावा.’ महिन्यापूर्वीचं त्यांचंच अक्षर. पुढची नोंद, ‘मठातली किल्ली लवकर सापडत नाही, वैताग.’ त्या मठात शिरल्या. किल्ली आता आणखी आत दडवलेली होती आणि चौकोन हजर होता. नदीच्या उतारापाशीही तेच. जिथे जिथे म्हणून त्या कंटाळल्या होत्या, तिथे कोणीतरी दुकान थाटून बसलं होतं. काकूंना भयंकर संताप आला.

त्या उठून घोडेवाल्याकडे गेल्या. गेममधल्या सगळ्या जनावरांची चाल हा ठरवायचा.

“घोड्याला काय झालंय?”

“कुठं काय?” त्याने मान वर केली नाही.

“माझ्याशी नको हं. गेल्या आठवड्यात बरा पळत होता.”

घोडेवाल्याने आधी काचेच्या खोलीकडे बघून घेतलं. तिथे जावई बसायचा. गेम बाजारात आणणारी आणि तोवर सगळ्यांचे पगार पुरवणारी जी मोठी कंपनी, तिचा हा माणूस. त्याच्यासमोरचा चहा कधी गार होऊ दिला जात नसे, म्हणून जावई.

“वरून आलंय,” घोडेवाला हळूच म्हणाला. “तुमच्या यादीवरूनच केलंय. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

“मी कापायला सांगितलं होतं.”

“ते म्हणाले, कापू नका, वाढवा. नाही म्हटलं असतं तर हात आखडता घेतला असता त्यांनी. मग बसलो असतो सगळेच घरी.”

खरं सांगतोय की अंग झटकतोय, काकूंना ठरवता येईना. चार वर्षं शेजारी बसून जेवलेला माणूस. एवढं मात्र त्यांना स्वच्छ दिसलं, की आज शुक्रवारची यादी वाचली तर पुढच्या आठवड्यात तिच्यातल्या जागांवरही दुकानं उभी राहणार.

दुपारी बैठकीत त्यांची पाळी आली. त्यांनी वही उघडलीच नाही.

“या आठवड्यात कुठेच कंटाळा आला नाही.”

चुळबुळ झाली. असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. घोडेवाला टेबलाकडे बघत राहिला. जावई मात्र अगदी घरच्यासारखा हसला.

“पुलाच्या अलीकडे तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत, काकू. मग जांभई.”

त्याने लॅपटॉप वळवला. त्यावर काकूंचा चेहरा होता, समोरून घेतलेला, तोंड उघडं.

“हे कधीपासून?” काकूंनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. तुमची यादी आणि चेहरा जुळतात का, तेवढं ताडून बघत होतो. आजवर एकदाही चुकलं नाही. इतकं खरं बोलणारं माणूस शोधून मिळत नाही.” त्याने लॅपटॉप मिटला. “आता यादी नाही केलीत तरी चालेल. तुम्ही आपलं खेळत राहा.”

कोणी कोणाकडे बघेना. काचेच्या खोलीत नेमकं काय काय दिसतं, याचा हिशोब जो तो मनातल्या मनात मांडत असावा.

काकू जागेवर आल्या. स्क्रीनच्या वरच्या कडेला मुगाएवढं काळं भोक होतं. इतके दिवस त्यांना तो स्क्रू वाटला होता. त्यावर कागद चिकटवावा असं मनात आलं, पण चिकटवणारा हातही दिसलाच असता.

त्यांनी घोडा गिरणीपाशी नेला आणि निघाल्या. पुलाच्या अलीकडे जांभई दाटून आली तेव्हा दात घट्ट आवळले. मग पूल ओलांडून खिंडीपर्यंतच्या त्या रटाळ रस्त्यावर त्या मन लावून हसत राहिल्या.

घोडेवाल्याने ते बघितलं, मग आपल्या स्क्रीनच्या कडेचं तसलंच भोकही. तोही आपल्या स्क्रीनकडे तोंड करून हसू लागला. त्याच्या पलीकडची झाडं रंगवणारी, तिच्या पलीकडचा आवाजवाला. सुट्टी व्हायच्या आत अख्खं ऑफिस आपापल्या स्क्रीनकडे बघून हसत होतं.