बैठकव्यवस्था

कार्यालयाला लागलेल्या आगीत वडील गेले आणि त्यांच्या जागेवर मुलीला नोकरी मिळाली. रुजू होण्याच्या दिवशी आई सोबत आली होती.

"ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, वहिनी," व्यवस्थापक सांत्वनाच्या सरावलेल्या स्वरात म्हणाले. "खुर्च्यांमधला फोम पेटला, त्याच्या धुरानं घात केला. बसा ना, उभ्या का?"

आईने समोरच्या गुबगुबीत करड्या खुर्चीत अंगठा रुतवून पाहिला. "ह्या नव्या घेतल्यात?"

"अगदी कोऱ्या. त्याच मेकच्या. ह्यांच्या डिझाइनला बक्षीस आहे."

आई थकली होती, तरी बसली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरातली साधी लाकडी खुर्ची उचलून कामावर गेली. "आईनं दिलीय, सर. मी हिच्यावरच बसेन."

संध्याकाळी शिपायाने ती खुर्ची घरच्या दारात आणून टेकवली आणि घाम पुसत साहेबांचा निरोप सांगितला. निरोप अत्यंत सौजन्यपूर्ण होता: खुर्ची भक्कम आहे, परंतु आमच्या रंगसंगतीत बसत नाही. मुलीची काळजी नसावी, तिला वडिलांच्याच जागी बसवले आहे.