शेजारचं प्रेत

बाबांनी स्कूटर विकून माझी अभिनयाच्या क्लासची फी भरली आणि तेव्हापासून ते चालत कामावर जाऊ लागले. सर त्यांना म्हणाले होते, "काळजी करू नका. मोठमोठ्या दिग्दर्शकांमध्ये माझी रोजची ऊठबस आहे. मी शब्द टाकतो."

शब्द त्यांनी खरंच टाकला. वर्षभराने मला पहिलं काम मिळालं, अपघाताच्या सीनमधल्या प्रेताचं.

आम्ही सगळी प्रेतं रस्त्यावर ओळीने पांढऱ्या चादरींखाली पडलो होतो. शूटिंग सुरू झालं आणि शेजारच्या चादरीखालून कुजबुज आली, "श्वास हळू सोड, चादर हलतेय. वर्षभर काय शिकवलं तुला?"

आवाज ओळखून मी गार पडलो. "सर, तुम्ही इथे?"

"गप पड. माझ्यासाठीही कुणीतरी शब्द टाकलाय."

"कोणतं प्रेत बोलतंय रे ते?" दिग्दर्शक खेकसला. "हाकला त्याला."

मी श्वास रोखून धरला. मग शेजारच्या चादरीखालून एक हात सावकाश बाहेर आला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.