घंटाफुलांची वाटणी

"मधोमध टक्कल पडलंय बघ," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना पडलं होतं तसंच. कडेने दाट, आत मोकळं मैदान."

सून वाफ्याशी उकिडवी बसली होती. थंडी नुकतीच सरली होती. घंटाफुलांच्या गड्ड्याला कोवळे कोंब फुटले होते, पण खरोखरच फक्त कडेने.

"आतलं मेलं का, आई?"

"थकलंय. तीन-चार वर्षं एका जागी बसलं की थकतं. मग खणायचं आणि वाटणी करायची. कोवळे तुकडे नव्या मातीत लावले की पुन्हा जोम धरतात. एका जागी दाटीवाटी करून कुणाचंच भलं होत नाही."

शेवटचं वाक्य फुलांबद्दलच होतं, असं सुनेने स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

गेल्या आठवड्यापासून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे दोन ढीग पडले होते. मोठ्या ढिगात मोठी पातेली. लहान ढिगात छोटा तवा, एक पातेलं, चहाचं भांडं, दोन कप. "एवढंच पुरे," म्हणून सासूबाईंनी लहान ढिगावर फडकं टाकलं होतं.

त्यातच शेजारच्या शिंपीणबाईंनी काल कुंपणावरून हाक मारली होती.

"पुलापलीकडे खोली बघून आल्या तुझ्या सासूबाई. नळाला पाणी येतं का, हे काही विचारलं नाही त्यांनी. गॅलरीत ऊन किती वेळ टिकतं, ते मात्र दहादा विचारलं."

"कुणासाठी खोली?"

"ते मी कसं सांगू, बाई? माझं काम शिवायचं, उसवायचं नाही."

मग तिने नवऱ्याला गाठलं. तो तोंड पुसत होता, ते जरा जास्तच वेळ पुसत राहिला.

"आई सांगेल. मला तोंड उघडायची बंदी आहे."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंच मला या घरात माहीत असतं. आणि तेही सांगायची सोय नाही."

ती हसली नाही. लहानपणी ती मामाकडे वाढली, मग आत्याकडे, मग वसतिगृहात. कुठेही गेली तरी तिची पिशवी दाराशी भरलेलीच असायची. या घरात आल्यावर तिने पहिल्यांदा ती रिकामी करून माळ्यावर टाकली होती. वेगळं बिऱ्हाड करायला मिळावं म्हणून तिच्या मैत्रिणी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. हिला मात्र इथेच राहायचं होतं.

चूक कुठे झाली, तेही तिला माहीत होतं. मागच्या हिवाळ्यात घंटाफुलं जमिनीत दडून गेली, वर काडीसुद्धा उरली नाही. सगळं वाळलं असं समजून तिने अर्धा वाफा उपटून टाकला होता. सासूबाई रागावल्या नव्हत्या. कचऱ्यातून एकेक मुळी वेचून त्यांनी पुन्हा मातीत लावली होती, तीही न बोलता. त्या न बोलण्याची धास्ती तिने अजून घेतलेली होती.

"तू खण," आता सासूबाई म्हणाल्या. "मी नुसती बघते."

तिने गड्डा उचलला, माती झाडली, सुरीने कडेचे तुकडे कापले. मधला लाकडासारखा भाग बाजूला काढला. निम्मे तुकडे वाफ्यात गेले, निम्मे कुंडीत.

"आता म्हणून दाखव."

"अर्धं ऊन, अर्धी सावली. पाणी सकाळी, मुळाशी. पानं ओली ठेवली तर गोगलगायींना आमंत्रण. पहिला बहर उतरला की निम्म्यावर छाटायचं, म्हणजे दुसरा येतो."

"आणि थंडीत?"

तिने मान खाली घातली. "थंडीत हात लावायचा नाही. झोपलेल्याला मेलेलं समजायचं नाही."

"शाबास. आता मी जवळ नसले तरी तुझं अडायचं नाही."

सुनेने सुरी खाली ठेवली. "आई, माझं काही चुकतंय का?"

"पाणी जास्त घालतेस. बाकी काही नाही."

"मला हे घर फार आवडतं."

सासूबाईंनी तिच्या गालावरची माती आपल्या पदराने पुसली. "आवडायलाच हवं. नाहीतर माझा जीव टांगणीला लागला असता," त्या म्हणाल्या, आणि जपाची वेळ झाली म्हणून आत गेल्या.

रविवारी सकाळी टेम्पो आला. नवऱ्याने लहान ढिगाचं खोकं चढवलं, ट्रंक चढवली, एक खाट चढवली. दुसरी खाट मागून येत असेल, असं सुनेने धरलं. रडायचं नाही, हे तिने पहाटेच ठरवलं होतं. तिने आपली पिशवी खांद्याला लावली, घंटाफुलांची कुंडी उचलली आणि कुणी तोंड बघू नये म्हणून आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. कुंडीत कोंब दोन बोटं वाढले होते. ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

दाराशी चपला वाजल्या. निरोप घ्यावा म्हणून तिने मान वळवली. सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून टेम्पोशी उभ्या होत्या आणि सहलीला निघालेल्या पोरीसारख्या गालात हसत होत्या.

"तू कुठे निघालीस?" त्या म्हणाल्या. "उतर बघू खाली. जन्मात पहिल्यांदा एकटीने राहायचा योग आलाय, तोही मोडतेस की काय."