डावं मडगार्ड

हितेंद्र चहा आणायला गेला आणि तेवढ्यात बेबाबाईनं मडगार्डवर नाव टाकून टाकलं.

टाकलं तेही चांगलं ठळक. धुळ्यातल्या तिच्या दुकानात धान्याच्या कोठ्या बनतात, आणि कोठी म्हटली की नाव आलंच. नव्या जस्ती पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं चमकत होती : ‘श्री. निंबा नाना यांस जावई हितेंद्र यांजकडून सप्रेम भेट.’

“ताई, हे काय करून ठेवलं?” चहा घेऊन आलेला हितेंद्र ओरडला.

“आमना दुकानमाईन नाव टाकाशिवाय काही जात नही,” बेबाबाई छिन्नी पुसत म्हणाली. “नाव नही ऱ्हायनं ते भांडं बदलाई जास.”

“मडगार्ड कोण बदलून नेणार आहे?”

हे बेबाबाईलाही पटलं, पण पटून आता उपयोग नव्हता.

गाडी सासऱ्यांची. जुनी फियाट, नानांनी तरुणपणी घेतलेली. ती नानांना आपल्यापेक्षा लाडकी आहे, असं त्यांची लेक पुनम उघड म्हणायची. दिवाळीला शिंदखेड्याला गेलेल्या हितेंद्रनं ती हौसेनं चालवायला मागितली आणि बकरी वाचवताना चिंचेच्या झाडावर घातली. बकरी वाचली, फियाटचा डावा गाल गेला. तेव्हापासून नाना जावयाशी सरळ बोलत नव्हते. काय असेल ते पुनममार्फत. हितेंद्रला ते फार लागलं होतं. गाडी होती तशी करून देतो म्हणाला खरा, पण विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरची उडी ती केवढी. मुंबईतल्या मूळ मडगार्डची किंमत ऐकून त्यानं फोनच ठेवला. मग दिवा जामनेरच्या भंगारातून आला, बंपरला चंदेरी रंग लागला आणि मडगार्ड कोठीच्या पत्र्यातून निघालं. आज नाना आखाजीच्या सणासाठी लेकीला माहेरी न्यायला येणार होते, आणि गाडी त्यांना दाखवायची होती.

“पुट्टी भरा ताई, लवकर. वरून रंग मारू.”

पण पुनम नानांना घेऊन दुकानाच्या दारात उभीच होती.

नाना गाडीभोवती एक फेरी मारून आले. चष्मा लावून वाकले आणि अक्षरांवरून बोट फिरवत सगळं सावकाश वाचलं. धरणीनं पोटात घ्यावं असं हितेंद्रला झालं.

बेबाबाईला राहवेना. “आतालोंग सासराच जवाईले कोठी देत ऊना. जवाईनी सासराले काही दिन्हं, हाई पहिलांदाच दखी ऱ्हायनू मी.”

नानांनी बोटाच्या पेरानं मडगार्ड वाजवून पाहिलं, कोठी घेताना वाजवतात तसं. खणखणीत वाजलं.

“पुनम, पाहुणासले सांग,” ते म्हणाले, “पुट्टी भरानी नही.”

पुनम हसू दाबत मागच्या सीटवर जाऊन बसली. नानांनी डावीकडचं दार उघडलं, पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि काच खाली करून थेट जावयाकडे वळले.

“बसा पाहुणा, तुम्हीच चालवा. डावी बाजू आते तुम्हनी शे. उजवी आजून मनी शे, तिले संभाळा.”