आनंदरावांचा नातू

“मुलगा की मुलगी?” आनंदरावांनी पडल्या पडल्या विचारलं.

त्यांचा मुलगा स्वानंद नुकताच पुण्याहून आला होता. नसरापूरपासून भोरपर्यंत एसटीत त्यानं एकच वाक्य मनात घोकलं होतं. दादा, बाळ गेलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल दोन दिवस जगलं होतं. त्याची बायको मालिनी अजून पुण्यात दवाखान्यात होती.

“मुलगा,” तो म्हणाला.

“कधी आणतोस?”

म्हाताऱ्याचा चेहरा आवाजाच्या रोखानं वळला होता. नजर जवळजवळ गेली होती, जेवण दोन-चार चमचे पेजेवर आलं होतं. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता.

“रविवारी,” स्वानंद म्हणाला, आणि पाय धुवायला मोरीत गेला. नळ सोडून तो तिथंच उभा राहिला.

आनंदराव चाळीस वर्षं ख्रिस्ती उपदेशक होते. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर सायकलनं हिंडले होते. नाताळानंतरच्या रविवारी ते दरवर्षी बायबलातल्या शिमोनाची गोष्ट सांगत. मसीहाला पाहिल्याशिवाय तुला मरण नाही, असं वचन मिळालेला म्हातारा. मंदिरात रोज किती माणसं येत, शास्त्री येत, सावकार येत. एक दिवस गरीब नवरा-बायको तान्हं पोर घेऊन आले, आणि म्हाताऱ्यानं पुढं होऊन ते हातात घेतलं. हाच तो.

“अंगावर रेशीम न्हाई, मागं लवाजमा न्हाई,” आनंदराव म्हणत. “मग ओळखलं कसं असंल?” आणि उत्तर न देताच प्रार्थनेला लावत.

अंथरुणाला खिळल्यापासून ते भेटायला येणाऱ्यांना सांगत, “माजा बी शिमोन झालाय. नातू हातात घेतो, मग जातो.”

शुक्रवारी स्वानंदनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा आनंदराव झोपले होते. दुसऱ्यांदा ते जागे होते आणि हसत होते.

शनिवारी संध्याकाळी तो शेजारी इरफानच्या घरी गेला. इरफान दुकानावर होता. त्याची बायको फौजिया दीड महिन्याच्या लेकराला मांडीवर थोपटत होती. मालिनी दवाखान्यात गेल्यापासून आनंदरावांना पेज तीच भरवत होती. स्वानंदनं जमिनीकडं बघत काय हवंय ते सांगितलं. सांगताना त्याला स्वतःची किळस आली.

फौजियाचा थोपटणारा हात थांबला. हाकलून देणार, असं त्याला वाटलं.

“उद्या किती वाजता आणू?” तिनं विचारलं.

“दहाला. आणि वहिनी, दंडावरचा तो ताईत…”

लेकराच्या आजीनं, झुबेदानं, बांधलेला ताईत तिनं मुकाट्यानं सोडला आणि बोटाला गुंडाळला. दुसऱ्याच्या लेकराची राखण आपण उतरवायला लावली, हे स्वानंदला रात्रभर टोचत राहिलं.

रविवारी आनंदरावांनी धुतलेला सदरा घालून घेतला. पाठीशी दोन उशा लावून बसले. स्वानंदनं बाळ त्यांच्या हातांत ठेवलं आणि खालून स्वतःचा हात तसाच धरून ठेवला. फौजिया दाराशी उभी राहिली.

“मालिनी न्हाई आली?”

“अशक्तपणा आहे तिला. अजून सोडलं नाही.”

“व्हय, अशक्त असंलच.”

त्यांची बोटं बाळाच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरली. बाळानं त्यांचा अंगठा घट्ट धरला.

“ओळखलं रं तुला,” ते म्हणाले.

“नाव तुम्ही ठेवा, दादा,” स्वानंद कसाबसा म्हणाला.

“नाव आई-बापानं ठेवावं. म्या आशीर्वाद देतो.”

त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लांब नव्हती. या लेकराला मोठं कर, चांगल्या माणसांत ठेव, याच्या आईची कूस सुखात ठेव. मग ते थांबले.

“शिमोनानं मरियेला, त्या पोराच्या आईला, आणखी एक सांगितलं व्हतं, तुला ठावं हाय. तलवार तुझ्या काळजातनं जाईल म्हणून. लई वर्षं मला त्याचा राग यायचा. लेकरू हातात असताना असं बोलावं का माणसानं?” त्यांनी मान हलवली. “पण बोलला नसता, तर ती एकटी पडली असती.”

त्यांनी एक हात सोडवून स्वानंदचं डोकं चाचपलं आणि तो तिथंच ठेवला. बाळाच्या डोक्यावर ठेवला होता त्याहून जास्त वेळ.

आत्ता सांग, स्वानंदला वाटलं. त्यानं तोंड उघडलंही.

“घे,” आनंदराव म्हणाले. “भूक लागलीय त्याला.” आणि त्यांनी बाळ दाराच्या दिशेनं पुढं केलं.

मंगळवारी सकाळी ते गेले. मातीला किकवीपासून माणसं आली होती. किती शांत गेले, चेहरा बघा, असं जो तो म्हणत होता. ते ऐकलं की स्वानंद मान खाली घालायचा. ती शांती खोट्यावर उभी होती, आणि ते खोटं त्याचं होतं. बापाजवळ ते कबूल करायची वेळ आता कधीच येणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो फौजियाकडं गेला. बाळाच्या दंडावर ताईत परत बांधलेला होता.

“वहिनी, माफ करा,” तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. “मरणाऱ्या माणसाला मी फसवलं. त्यात तुम्हाला ओढलं, या लेकराला ओढलं. दादा शेवटच्या घडीला दुसऱ्याचंच मूल आपला नातू समजून…”

फौजियानं बाळ खांद्यावर घेतलं.

“दादांनी शपथ घातली होती, ते असेपर्यंत बोलायचं नाही म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्याकडं आलात ना, भाऊ, त्याच दिवशी सकाळी मी पेज भरवत होते. चमचा बाजूला सारून म्हणाले, ‘स्वानंद आज-उद्या तुजं लेकरू मागायला यील. त्याला न्हाई म्हनू नगंस, पोरी. त्याचं लेकरू गेलंय.’”