जबड्याचा आलेख

मी झोपेत दात खाते, म्हणून डॉक्टरबाईंनी रात्री दातांवर चढवायला प्लास्टिकची स्प्लिंट दिली होती. चावून चावून मी तिची पार चाळण केली. महिनाभर रोज रात्री गालाला सेन्सर चिकटवून काढलेला आलेख आज त्यांच्यासमोर होता. "दुखतं कुठे?" त्यांनी मला विचारलं. "कानाखाली," नवरा म्हणाला. "कसला ताण आहे?" "हिला? सगळं आयतं मिळतंय," पुन्हा नवराच. "स्प्लिंट घालूनही जबड्याचे स्नायू रात्रभर राबतायत," बाई म्हणाल्या, "फक्त मागच्या आठवड्यात शांत होते. तेव्हा काय केलंत?" "करतेय काय? मी दौऱ्यावर गेलो, तर हिने स्प्लिंट घालायचाही आळस केला," नवरा म्हणाला. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी डबीतली स्प्लिंट काढून नवऱ्याच्या हातात दिली. "ही आता तुम्ही चावा," मी म्हणाले. "डॉक्टर, पहिल्यापासून विचारा. मला."