कॉम्प्युटरला लावलेलं सील

“थोरला कोण आणि धाकटा कोण, ते आधी ठरवावं लागेल,” मेकॅनिक म्हणाला. “नाहीतर दोघंही एकाच वायरवर भांडत बसतील.”

नव्या डीव्हीडी ड्राइव्हच्या पाठीमागची नखाएवढी टोपी त्याने चिमट्याने काढली आणि शेजारच्या पिनांवर बसवली. हा धाकटा. वरच्या कप्प्यातला जुना, तो थोरला.

“म्हणजे घरच आहे म्हणायचं,” सीलसाहेब म्हणाले.

गल्लीत त्यांना याच नावाने ओळखत. तीस वर्षं त्यांनी सरकारी दफ्तरखाना सांभाळला होता. आता दफ्तरखाना नव्हता, पण सवय शाबूत होती. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची मुलगी. तरीही बिस्किटांच्या डब्यापासून विजेच्या मीटरपर्यंत सगळ्याला कागदी पट्टी, तारीख आणि सही. कुलूप काय, कुणीही उघडतं; सहीला मात्र कुणाचा हात लागत नाही, असं ते म्हणत.

कॉम्प्युटर चौदा वर्षांचा होता. गाण्याच्या मंडळातल्या बावीस जणांना कार्यक्रमाची एकेक प्रत हवी होती, आणि एकाच ड्राइव्हवर काढघाल करून सीलसाहेब मेटाकुटीला आले होते. दोन ड्राइव्ह असले की इकडची गाणी थेट तिकडे.

“खरं तर हे मीच बसवलं असतं,” ते म्हणाले. “पण हात ऐकत नाही. स्क्रू धरला की थरथरतो.”

“मी आहे ना, काका.”

मुलगी टॉर्च धरून उभी होती. शाळेत ती चित्रकला शिकवायची. कंपास न वापरता फळ्यावर वर्तुळ काढते म्हणून मुलं तिच्यावर खूश असत. “ही रुंद वायर काढली तर काय होतं?” तिने विचारलं.

“दोन्ही ड्राइव्ह गायब, मॅडम. कॉम्प्युटरला दिसतच नाहीत.”

“अगं, टॉर्च त्यांच्या तोंडावर नको, वायरवर धर,” सीलसाहेब म्हणाले. मेकॅनिकने हसू लपवत उरलेले स्क्रू घट्ट आवळले.

मुलगी डिंकाची बाटली आणायला आत गेली, तसे सीलसाहेब पुढे सरकले. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“हे बघा,” ते हळू आवाजात म्हणाले. “गेल्या महिन्यात वायर दोनदा निसटली. दोन्ही वेळा तुम्हीच बसवलेली. आता पुन्हा निसटली तर मी दुसरा माणूस बघेन.”

मेकॅनिकचे कान लाल झाले. “निसटणार नाही, काका,” एवढंच तो म्हणाला, आणि ती वायर त्याने पुन्हा एकदा दाबून पाहिली.

झाकण लागलं. थोरल्याने आणि धाकट्याने आळीपाळीने ट्रे बाहेर काढून दाखवले. सीलसाहेबांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. मग झाकणाच्या फटीवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली, तारीख घातली आणि जीभ दातांत धरून सही केली. शेवटची रेघ गांडुळासारखी वळवळत गेली.

“चालतंय,” ते म्हणाले. “माझी आहे एवढं कळलं म्हणजे झालं.”

चार दिवसांनी दोन्ही ड्राइव्ह गायब झाले.

मेकॅनिक इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण चेहरा पडलेला होता. सीलसाहेबांनी त्याला कॉम्प्युटरची मागची बाजू दाखवली.

“पट्टी जागेवर. तारीख तीच. कुणी उघडलेलं नाही. मग वायर कुणामुळे निसटली?”

मेकॅनिकने पेटी खाली ठेवली. “माझीच चूक असेल, काका,” तो म्हणाला. “तुम्ही दुसरा माणूस बघा. आजचं एवढं करून देतो. पुन्हा या घरी येणार नाही.”

आतून कपबशी फुटल्याचा आवाज आला. मुलगी दारात आली. चेहरा पांढराफटक.

“पुन्हा येणार नाही म्हणजे? बाबा, तुम्ही काय बोललात यांना?”

“जे ठरलं होतं तेच.”

“कधी ठरलं? मला कुणी सांगितलं नाही!”

“तुला कशाला सांगायचं?” असं म्हणत सीलसाहेबांनी भिंग काढलं. पट्टी फाडण्याआधी तपासायची, हा दफ्तरखान्याचा नियम. ते वाकले. डिंक पाहिला, तारीख पाहिली, सही पाहिली. मग सही पुन्हा पाहिली.

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मेकॅनिकने पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

आणि सीलसाहेब हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग पोट धरून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“ते आत ठेवा,” ते मेकॅनिकला म्हणाले. “वायर नंतर. रविवारी जेवायला या. पेटी आणायची नाही.”

“पण काका, माझी चूक...”

“तुमची कसली चूक? इतकी पक्की वायर बसवता, उपटायला किती कष्ट पडले असतील!”

मेकॅनिकला काही कळेना. मुलीला मात्र सगळं कळलं असावं, कारण ती गोरीमोरी होऊन फुटक्या कपाचे तुकडे गोळा करायला आत पळाली.

सीलसाहेबांनी पट्टी अलगद सोडवली आणि पाकिटात जपून ठेवली. तिच्यावरची सही झोकदार होती, ठसठशीत होती, आणि शेवटची रेघ अगदी सरळ गेली होती.